अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी व्यावसायिक भागीदारी: कागदपत्रांपासून करारापर्यंत

अनुसूचित जाती आणि जमातींतील उद्योजकांसाठी केंद्राच्या आणि राज्याच्या योजना पुष्कळ आहेत. तरीही भोसरी, वाळूज किंवा बुटीबोरीतल्या एखाद्या लहान कारखानदाराशी बोलल्यास त्याची अडचण बहुधा अनुदानाची नसते. त्याला हवी असते पुन्हा पुन्हा येणारी ऑर्डर आणि ठरल्या तारखेला मिळणारे पैसे. पिढीजात व्यापारी घरातल्या मुलाला पहिली ऑर्डर मामाच्या ओळखीने मिळते आणि पहिला कच्चा माल वडिलांच्या खात्यावर उधार येतो. ज्याच्या घरात धंद्यात उतरणारा तो पहिलाच आहे, त्याला ही ओळख आणि ही उधारी करारानेच उभी करावी लागते. त्यामुळे या लेखात भागीदारीचा क्रम असा धरला आहे की, प्रथम काम देणारा भागीदार शोधावा, मग पैसा देणारा, आणि मालकीत वाटा मागणारा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की काय होते, ते शेवटच्या भागात येईल.

मालकीचा पुरावा आधी

कोणत्याही मोठ्या खरेदीदाराकडे जाण्यापूर्वी आपला उद्योग अनुसूचित जाती वा जमातीच्या मालकीचा आहे, हे कागदावर निर्विवाद असले पाहिजे. केंद्राच्या खरेदी धोरणात याची व्याख्या स्पष्ट आहे. एकल मालकीत मालक स्वतः त्या प्रवर्गातील असावा, भागीदारी संस्थेत त्या प्रवर्गातील भागीदारांचा हिस्सा किमान ५१ टक्के असावा, आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत त्या प्रवर्गातील प्रवर्तकांकडे किमान ५१ टक्के समभाग असावेत. राज्याच्या योजनांमधील मालकीची अट मात्र याहून वेगळी आणि अधिक कडक असू शकते. म्हणून प्रवर्गाबाहेरील व्यक्तीला एक टक्काही देण्याआधी संबंधित शासन निर्णय जिल्हा उद्योग केंद्रातून मागवून मुळातून वाचावा.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्राकडील नोंदणी, पूर्णपणे मोफत आहे आणि आधार व पॅनच्या आधारे घरबसल्या होते. त्यासाठी एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. नोंदणीत मालकाचा सामाजिक प्रवर्ग अचूक भरावा, कारण खरेदीदार आणि शासकीय खरेदीचे जेम संकेतस्थळ याच नोंदीवर विसंबतात. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असल्यास उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असल्यास लघु ठरतो. पुढे सांगितलेले बहुतेक फायदे या दोन गटांपुरतेच आहेत. मध्यम उद्योगाला ते मिळत नाहीत. नोंदणी कामाचा करार होण्याआधीची असावी. थकलेल्या बिलासाठी कायद्याचा आधार घेताना नंतर केलेली नोंदणी मागील व्यवहाराला उपयोगी पडत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घेतली होती.

जात प्रमाणपत्राबाबत एक गोष्ट बारकाईने पाहावी लागते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राने १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने मान्यता दिली आहे; पण राज्याच्या जुन्या प्रमाणपत्रावर केवळ ‘नवबौद्ध’ असा उल्लेख असेल, तर केंद्रीय उपक्रमाच्या छाननीत तो अडण्याची शक्यता असते. मूळ जातीचा उल्लेख असलेले, केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. निविदेची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना तहसील कार्यालयाच्या खेपा घालण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पहिली भागीदारी जॉबवर्कची

नव्या उद्योजकाचा ओढा स्वतःचे उत्पादन स्वतःच्या नावाने विकण्याकडे असतो आणि ते स्वाभाविकही आहे. पण खेळत्या भांडवलाचे गणित मांडून पाहावे. समजा, महिन्याला १० लाखांचा माल द्यायचा आहे, त्यात ६ लाखांचे पोलाद आहे आणि पैसे ४५ दिवसांनी येतात. म्हणजे कोणत्याही क्षणी सुमारे १५ लाखांची बिले बाहेर अडकलेली असतात आणि पोलादवाला मात्र रोख मागतो. तेच काम कंपनीने कच्चा माल स्वतः पुरवून, म्हणजे जॉबवर्क म्हणून दिले, तर आपले बिल केवळ लेबर चार्जेसचे, समजा ३ लाखांचे होते आणि अडकलेली रक्कम साडेचार लाखांवर येते. नफा रुपयांत कमी दिसेल, पण बँकेकडे तारण ठेवायला घर किंवा जमीन नसलेल्या माणसाला हा फरक धंदा टिकण्याचा किंवा बुडण्याचा असतो.

अशा व्यवस्थेत कंपनी अनेकदा डाय, जिग आणि फिक्स्चर, म्हणजे मालाला आकार देणारी आणि काम करताना तो पकडून ठेवणारी साधनेही देते. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत जावा लागतो किंवा जॉबवर्करच्या जागेवरून विकला जावा लागतो. यंत्रांसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे, तर साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना मुदतीचे बंधन नाही. प्रत्येक चलनाची नोंद, आलेले वजन, गेलेले वजन आणि भंगाराचे वजन यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. जॉबवर्कमधील बहुतेक भांडणे दरावरून होत नाहीत. ती वर्षअखेरीस न जुळणाऱ्या पोलादावरून होतात.

सार्वजनिक उपक्रमांकडे कसे जावे

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश १ एप्रिल २०१२ पासून लागू झाला आणि २०१५ पासून बंधनकारक झाला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि उपक्रम यांनी वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, त्यातच एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून करावी, असे लक्ष्य आहे. हा लाभ उत्पादक आणि सेवा देणाऱ्या उद्योगांसाठी आहे. इतरांचा माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला तो मिळत नाही, आणि बांधकामाच्या कंत्राटांनाही तो सरसकट लागू होत नाही.

या ४ टक्क्यांकडे राखीव जागा म्हणून पाहणे धोक्याचे आहे. या प्रवर्गातील उद्योगांनी निविदा भरली नाही, किंवा ते अटी आणि किंमत यांत बसले नाहीत, तर तो हिस्सा इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून काढण्याची मुभा त्याच आदेशात आहे. प्रत्यक्ष खरेदी या लक्ष्याच्या बरीच खाली राहिली आहे, याचे एक कारण इथे आहे. खरेदी अधिकारी ‘या वस्तूचा पुरवठादार सापडत नाही’ असे लिहून मोकळा होतो आणि पुरवठादार ‘आम्हाला कोणी विचारत नाही’ म्हणतो. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात. म्हणून निविदा निघण्याची वाट पाहत न बसता त्याआधीच ओळख करून घेणे हेच या टप्प्यातील मुख्य काम आहे.

त्यासाठी प्रथम आपल्या परिसरातील उपक्रमांची यादी करावी. महाराष्ट्रात माझगाव डॉक, उरणचे ओएनजीसी, मुंबईतील तेल कंपन्यांचे शुद्धीकरण प्रकल्प, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, ओझरचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, नागपूरचे वेस्टर्न कोलफिल्ड्स, मौद्याचे एनटीपीसी, शिवाय रेल्वेचे कारखाने आणि दारूगोळा कारखाने असे मोठे खरेदीदार आहेत. प्रत्येक उपक्रमाने वर्षाची खरेदी योजना संकेतस्थळावर द्यावी आणि या धोरणासाठी एक नोडल अधिकारी नेमावा, अशी अपेक्षा आहे. ती योजना वाचून आपण खरोखर बनवू शकतो अशा मोजक्या वस्तू निवडाव्यात आणि नोडल अधिकाऱ्याला त्या वस्तूंचे नाव, आपल्याकडील यंत्रे, तपासणीची साधने आणि महिन्याची क्षमता सांगणारे एक पानी पत्र द्यावे. ‘आम्ही सर्व प्रकारचे फॅब्रिकेशन करतो’ असे लिहिलेले पत्र फाईलमध्येच राहते. उपक्रमांचे पुरवठादार विकास मेळावे होतात, त्यांना ड्रॉइंग समजणारा माणूस सोबत घेऊन जावे.

निविदेत आपल्याला निविदा अर्ज विनामूल्य मिळतो आणि निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेतून सूट असते. कामाची सुरक्षा अनामत मात्र भरावीच लागते. पूर्वीचा अनुभव आणि उलाढाल यांच्या अटीत गुणवत्तेला धक्का न लावता शिथिलता देता येते. किमतीबाबतची तरतूद उदाहरणाने पाहू. एका कव्हरच्या १,००० नगांची निविदा आहे. सर्वांत कमी दर एका मध्यम उद्योगाचा, २०० रुपये आहे. आपला दर २२४ आहे. हा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे २३० च्या आत असल्यामुळे २०० रुपयांना तयार असल्यास किमान २५ टक्के, म्हणजे २५० नगांचे काम आपल्याला मिळू शकते. पात्र उद्योग एकाहून अधिक असतील, तर हे २५० नग त्यांच्यात विभागले जातात. आता खरा प्रश्न असा की, २०० रुपयांत २५० नग परवडतात का? टूलिंगचा, म्हणजे साचे व साधनांचा खर्च १,००० नगांवर पसरून दर काढला असेल, तर २५० नगांवर तो प्रति नग चौपट होतो. हे गणित दर भरण्याच्या आदल्या रात्री करावे; ऑर्डर हातात आल्यावर करून उपयोग नाही.

राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब ही यंत्रणा ऑक्टोबर २०१६ मध्ये लुधियानात सुरू झाली आणि ती राष्ट्रीय लघु उद्योग निगमामार्फत चालते. निविदेसाठी मार्गदर्शन, प्रशिक्षण, चाचणी आणि बँक हमीच्या शुल्काचा काही भाग परत मिळणे, अशा तिच्या सोयी आहेत. यंत्रसामग्रीच्या खरेदीवर २५ टक्के, जास्तीत जास्त २५ लाख रुपये भांडवली अनुदान देणारी तिची योजना सर्वांत मोलाची आहे. ते अनुदान कर्जाने घेतलेल्या यंत्राशी जोडलेले असते, म्हणून यंत्राचा आगाऊ पैसा देण्यापूर्वी बँकेशी बोलून चालू नियम तपासावेत.

मोठी खासगी कंपनी

खासगी कंपन्यांवर असे बंधन नाही. भारतीय उद्योग महासंघाने २००६-०७ च्या सुमारास सदस्यांसाठी सकारात्मक कृतीची, म्हणजे वंचित घटकांना संधी देण्याची, आचारसंहिता स्वीकारली. टाटा समूहाने रोजगार, रोजगारक्षमता, उद्योजकता आणि शिक्षण यांवर आधारित स्वतःचा कार्यक्रम आखला. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, अर्थात डिक्कीने अशा कंपन्या आणि उद्योजक यांना समोरासमोर आणण्याचे काम केले. अशा संघटनेचे सदस्यत्व घ्यावे, पण तिच्याकडून ऑर्डरची अपेक्षा ठेवू नये. ती दार उघडून देईल. आतल्या खुर्चीत बसलेला सोर्सिंग मॅनेजर आपला नमुनाच पाहणार आहे.

सांगली जिल्ह्यातील पेडचे अशोक खाडे यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ते आणि त्यांचे बंधू माझगाव डॉकमध्ये काम करत होते. तेथे जहाज आणि समुद्रातील तेलफलाट यांच्या कामाची तपशीलवार माहिती मिळाल्यावर त्यांनी दास ऑफशोर ही कंपनी उभी केली आणि त्याच क्षेत्रातील कामे घेतली. ज्या खरेदीदाराच्या कामाची भाषा, तपासणीची पद्धत आणि घाई आपण आतून जाणतो, त्याच्याशी संबंध जुळवणे सोपे जाते. एखाद्या कंपनीत बरीच वर्षे नोकरी केली असेल, तर पहिला खरेदीदार म्हणून तिचा किंवा तिच्या पुरवठादारांचा विचार प्रथम करावा. मूळ कंपनीऐवजी तिच्या पहिल्या फळीतील पुरवठादाराचे उपकंत्राट घेणे हा बहुधा जवळचा रस्ता ठरतो. केंद्रीय उपक्रमाच्या पुरवठादाराने सूक्ष्म वा लघु उद्योगाला दिलेले उपकंत्राटही त्या उपक्रमाच्या खरेदी लक्ष्यात धरले जाते. हा मुद्दा त्या पुरवठादाराला बैठकीत आवर्जून सांगावा, कारण त्याला तो माहीत असतोच असे नाही.

व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीकडील पुरवठादार क्रमांक, मिळण्यापूर्वी कंपनीची माणसे ऑडिटला येतात. ती मोजमापाच्या साधनांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे, रिजेक्शनची नोंद, ऑपरेटरजवळ टांगलेले ड्रॉइंग शेवटच्या सुधारणेचे आहे की जुने, हे पाहतात. जुने ड्रॉइंग यंत्रावर चिकटवलेले असणे ही फार नेहमीची त्रुटी आहे आणि एवढ्यावरून ऑडिट नापास होते. त्रुटी सुधारून फेरऑडिट मागण्यात कमीपणा मानू नये.

करारात काय लिहून घ्यावे

परचेस ऑर्डर हाच करार, असे लहान उद्योजक मानतात. पण तिच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी खरेदीदाराच्या सोयीच्या असतात. वेगळा पुरवठा करार करण्याचा आग्रह धरावा आणि तो न जमल्यास निदान ईमेलवर पुढील मुद्द्यांची लेखी पुष्टी घ्यावी. महिन्याचे किमान प्रमाण किती आणि पुढील तीन महिन्यांचा अंदाज कधी मिळणार? पोलादाचा दर बदलल्यास आपला दर किती दिवसांत बदलणार? डाय कोणाच्या मालकीची, तिची दुरुस्ती कोण करणार आणि कंपनीने ऑर्डर बंद केल्यास तिचा उरलेला खर्च कोण भरणार? रिजेक्शन कोणत्या दिवसाच्या आत कळवायचे? महिनाभरानंतर आलेल्या डेबिट नोटवर, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठीवर, कोणता माल कोणत्या लॉटचा, हे शोधणे अशक्य होते. त्यामुळे या शेवटच्या अटीवर अजिबात तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दरात दोन टक्के सोडले तरी चालेल.

पैसे वेळेवर मिळण्यासाठी

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे करारातील तारखेपर्यंत द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिले असले तरी ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने यात भर घातली असून या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये खरेदीदाराच्या लेखा विभागाला थकबाकीची यादी आणि उद्यम प्रमाणपत्र पाठवावे. तेथे या पत्राला नेहमीपेक्षा बरेच लवकर उत्तर येते.

मोठ्या कंपन्यांकडील बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवण्यासाठी ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्था आहे. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि सर्व केंद्रीय उपक्रमांना तिच्यावर नोंदणी बंधनकारक आहे. खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, व्याज कापून पैसे लगेच मिळतात आणि खरेदीदाराने पुढे पैसे बुडवले तरी बँक आपल्याकडे वसुलीला येत नाही. कंपनीने नोंदणी केली आहे, पण ती बिले मान्य करत नाही, अशी स्थिती आढळते. म्हणून ‘बिले ट्रेड्सवर इतक्या दिवसांत मान्य केली जातील’ हे वाक्य करारातच घालावे.

थकबाकी अगदीच मिळत नसेल, तर अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या विभागीय सुलभता परिषदेकडे अर्ज करता येतो. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. हा अधिकार मोठा आहे, पण तो वापरल्यावर त्या खरेदीदाराची पुढची ऑर्डर मिळेलच असे नाही. एकाच खरेदीदारावर उलाढालीचा निम्म्याहून अधिक भाग अवलंबून असलेला उद्योजक हा अधिकार वापरू शकत नाही, हे वास्तव लक्षात घेऊन दुसरा खरेदीदार लवकर जोडावा.

मालकीत वाटा मागणारा भागीदार

ऑर्डर नियमित झाल्यावर वाढीसाठी भांडवल लागते. कर्जाचा पर्याय आधी तपासावा. बँका, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि आदिवासी उद्योजकांसाठी शबरी महामंडळ ही त्याची ठिकाणे आहेत. मोठ्या प्रकल्पासाठी आयएफसीआय या सरकारी वित्तसंस्थेच्या उपकंपनीमार्फत २०१५ पासून चालणारा अनुसूचित जातींसाठीचा व्हेंचर कॅपिटल फंड १५ कोटींपर्यंत वित्तसाह्य देतो; तिथेही मालकी आणि व्यवस्थापन त्या प्रवर्गाच्या हाती असण्याची अट आहे.

यानंतर भेटतो तो श्रीमंत भागीदार. तो म्हणतो, ‘साहेब, ५१ टक्के तुमचे, भांडवल आणि काम आमचे, तुम्ही फक्त सह्या करा.’ हा प्रस्ताव नाकारावा. ५१ टक्के ज्याच्या नावावर आहेत, त्याच्याच सहीने निविदेतील घोषणापत्र जाते, बँकेचे कर्ज त्याच्याच हमीवर निघते, आणि चौकशी झाल्यास काळ्या यादीत तोच जातो. भागीदारी संस्थेत तर प्रत्येक भागीदार संस्थेच्या संपूर्ण देण्याला वैयक्तिकरीत्या जबाबदार असतो. प्रामाणिक भागीदार ओळखण्याची कसोटी साधी आहे: चेकवर आपल्या सहीशिवाय पैसे निघू शकतात का, खरेदीदाराशी दराची बोलणी कोण करतो, आणि कामगारांची भरती कोण करतो? या तिन्हींचे उत्तर ‘तो’ असेल, तर ती आपली कंपनी नाही.

अमेरिकेत लहान आणि अनुभवी कंपन्यांच्या संयुक्त उपक्रमासाठी तेथील लघु उद्योग प्रशासनाने एक नियम केला आहे. संयुक्त उपक्रमाकडून होणाऱ्या कामापैकी किमान ४० टक्के काम लहान भागीदाराने स्वतः करायचे असते. आपल्याकडे असा नियम नसला तरी करारात तो लिहून घेण्यास कोणाची हरकत नाही. कोणते काम आपल्या यंत्रावर होईल, कोणते त्यांच्या, दुसऱ्या वर्षी आपला वाटा किती वाढेल आणि त्यांचा अभियंता आपल्या माणसांना किती महिने शिकवेल, हे परिशिष्टात नोंदवावे. यंत्र, ग्राहक आणि व्हेंडर कोड वेगळे झाल्यावर कोणाकडे राहतील, समभागांचे मूल्य कोण आणि कोणत्या पद्धतीने ठरवेल, आणि आपले समभाग विकत घेण्याचा प्रथम हक्क कोणाला, हेही पैसे खात्यावर येण्यापूर्वीच ठरले पाहिजे. भागीदारी संस्था असल्यास तिची निबंधकाकडे नोंदणी करावी, कारण १९३२ च्या कायद्यानुसार अनोंदणीकृत संस्थेला करारावर आधारित दावा बाहेरच्यांविरुद्ध लावता येत नाही. करारनामा सनदी लेखापाल आणि वकील या दोघांना दाखवावा, आणि ते दोघेही समोरच्या पक्षाने सुचवलेले नसावेत.